चार्जरवरच्या चंदेरी रेघा कशामुळे? प्लास्टिक मोल्डिंगचे डाग असे ओळखा

तुमचा चार्जर किंवा मोबाईलचं कव्हर उजेडात जरा तिरकं धरून बघा. एखादी बारीक रेघ, खळगा किंवा चंदेरी चट्टा दिसतोय? असे बरेच डाग वापरून पडत नाहीत, वस्तू बनतानाच पडतात. ते का पडतात, हे मी चूक करून शिकलो.

मी भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याचा. नागपूरजवळच्या एका छोट्या कारखान्यात मशीनवर लागलो, तिथे चार्जरची बॉडी बनायची. काम असं: पॉलिकार्बोनेटचे दाणे हॉपरमध्ये टाकायचे, तापलेल्या बॅरलमधला स्क्रू ते वितळवून जोराने स्टीलच्या साच्यात भरतो, माल थंड झाला की पीस बाहेर.

पावसाळ्यात एका रात्री प्रत्येक पीसवर चंदेरी रेघा यायला लागल्या. मला वाटलं माल नीट वितळत नाहीये, म्हणून तापमान वाढवलं. रेघा आणखी वाढल्या! सकाळी सुपरवायझर दादांनी एकच विचारलं, "दाणे सुकवले होते का?" पोतं रात्रभर उघडंच होतं.

आमच्याकडे धान विकायला नेलं की आधी ओलावा बघतात, १७ टक्क्यांच्या वर असेल तर घेत नाहीत. पॉलिकार्बोनेटचा नियम त्याहून कडक. ओलावा ०.०२ टक्क्यांच्या आत लागतो. त्यासाठी दाणे साधारण १२० अंशांवर ३-४ तास सुकवतात. नाहीतर बॅरलमध्ये पाण्याची वाफ होते आणि तिच्या रेघा पीसवर उमटतात.

प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. गरम प्लास्टिकमध्ये पाणी असलं की त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि माल ठिसूळ होतो. दादांनी एक पीस जमिनीवर आपटला, सरळ तडकला. चार्जरच्या आत २३० व्होल्ट असतात. म्हणून तो सगळा माल रिजेक्ट झाला. दळून परत वापरायचीही सोय नव्हती, कारण तुटलेल्या साखळ्या पुन्हा जुळत नाहीत.

आता बाकीचे डाग:

- खळगा: मागच्या बाजूला जाड भाग असतो, तो उशिरा थंड होऊन आत ओढला जातो. होल्डिंग प्रेशर किंवा त्याची वेळ वाढवून बघा.
- कॅमेऱ्याच्या भोकाजवळची रेघ: माल भोकाला वळसा घालून पुन्हा जिथे भेटतो, तो हा जोड. माल किंवा साचा थंड असेल तर रेघ ठळक दिसते.
- काळा, जळका कोपरा: साच्यात अडकलेली हवा दाबाने तापून माल जाळते. हवा जायच्या बारीक वाटा साफ करा, भरण्याचा वेग कमी करा.
- कडेला पातळ पापुद्रा: साचा घट्ट मिटत नाहीये किंवा प्रेशर जास्त आहे.

एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: एका वेळी एकच सेटिंग बदला आणि पुढचे काही पीस बघा. दोन बदलल्या, तर फरक कशामुळे पडला ते कळतच नाही. आणि डाग चंदेरी असेल तर मशीनला हात लावण्याआधी दाणे तपासा.

तुमच्यासाठी सांगायचं तर, कव्हरवरची रेघ चालेल. पण चार्जरची बॉडी तडकली असेल, तर टेप लावून वापरू नका. सरळ बदला.