कारवानी संकर फ्लॅटमध्ये राहील का?

राहतो, असे माझे ठाम मत आहे. निवारा केंद्रातला कारवानी संकर पाहून लोक मागे हटतात ते त्याच्या वेगाला घाबरून. पण नजरेने सावज हेरणाऱ्या या कुत्र्यांची ताकद झेपेत खर्च होते. कुंपणाच्या जागेत रोज मनसोक्त दौड मिळाली, की उरलेला बराचसा वेळ ती झोपून काढतात. मांजरामागे धावेल, ही शंका मात्र खरी, म्हणून रस्त्यावर त्याला मोकळे सोडूच नये. डोके मानेइतकेच निमुळते असल्याने साधा पट्टा निसटतो, म्हणून ओढल्यावर आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्यावा. नसबंदीआधी डॉक्टरांना वंश जरूर सांगावा, कारण ग्रेहाउंड थायोपेंटलच्या भुलीतून फार उशिरा सावरतात आणि तशाच सडपातळ संकरातही तीच काळजी घेणे शहाणपणाचे.