प्लांटमधून निघालेले पाणी नितळ, तरी त्यात उरते काय?

शहापूर/मुरबाड : मुरबाड एमआयडीसी असो की आसनगाव परिसरातील कारखाने, सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडायचे, असा नियम आहे. या दोन तालुक्यांतले बरेचसे पाणी काळू आणि भातसा नद्यांत उतरते. भातसाचे पाणी पुढे पिसे येथून मुंबईलाही जाते. म्हणून प्रक्रियेनंतर पाण्यात काय उरते, हे माहीत हवे.

प्रक्रियेच्या टाकीत हवा सोडून जिवाणू वाढवतात. ते पाण्यातली सेंद्रिय घाण खातात. पण सगळीच खात नाहीत. गोबरगॅसमध्ये शेण कुजले तरी शेवटी स्लरी बाहेर पडतेच, तसेच हे. काही रंग, काही रसायने जिवाणूंना पचत नाहीत. शिवाय मेलेल्या जिवाणूंचे अवशेषही पाण्यात मिसळतात.

हे मोजायला दोन आकडे आहेत. बीओडी म्हणजे जिवाणूंना पचणारी घाण. ही चाचणी २७ अंश तापमानात ३ दिवस चालते. सीओडी म्हणजे पचणारी-न पचणारी जवळजवळ सगळी घाण, रसायन टाकून २ तास उकळून मोजलेली. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी देशाची सर्वसाधारण मर्यादा लिटरला बीओडी ३० आणि सीओडी २५० मिलिग्रॅम आहे.

फरक इथेच आहे. एखाद्या कारखान्याने रोज १ लाख लिटर पाणी अगदी मर्यादेत सोडले, तरी बीओडीने ३ किलो आणि सीओडीने २५ किलो ऑक्सिजन लागेल इतकी घाण जाते. नुसता बीओडी बघून 'पाणी चांगलं' म्हणता येत नाही. उन्हाळ्यात ओढ्याची धार आटली की हे पाणी पातळ व्हायला दुसरे पाणीच नसते. असे पाणी पिण्यासाठी घेऊन त्यात क्लोरीन टाकले, तर उरलेल्या घाणीशी मिळून ट्रायहॅलोमिथेनसारखे नको असलेले पदार्थ तयार होतात. ही उरलेली घाण काढायला कोळशाचा फिल्टर किंवा ओझोन लागतो, आणि त्याला खर्च येतो.

गावातल्या जलसुरक्षकाकडच्या किटवर बीओडी-सीओडी कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. ओढ्याला रंग, फेस किंवा वास आला, मासे मेले, तर तारीख, वेळ आणि जागेचा फोटो ठेवून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयात लेखी तक्रार करावी. अहवाल मागताना बीओडी आणि सीओडी, दोन्ही आकडे मागावेत.