वकिलातीला फोन लावा, पण...

परदेशात पोलिसांनी बखोट धरलं की सिनेमातला हिरो ऐटीत सांगतो, ‘माझ्या वकिलातीला फोन लावा!’ पुढच्याच सीनमध्ये सुटाबुटातला साहेब येतो आणि हिरो बाहेर. खरा साहेब येतो तो स्थानिक वकिलांची यादी घेऊन. ब्रिटनचं परराष्ट्र खातं तर आपल्या नागरिकांना आधीच बजावून ठेवतं की तुरुंगातून सोडवणं आमच्या हातात नाही आणि कायद्याचा सल्लाही मिळणार नाही.

मग हातात असतं काय? १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६. पकडलेल्या परदेशी माणसाला ‘तुझ्या वकिलातीला कळवू का’ हे विनाविलंब विचारायचं, तो हो म्हणाला तर कळवायचं, त्याच्या देशाच्या अधिकाऱ्याला भेटू द्यायचं, पत्रं पोचवायची. बस्स. पण एवढ्याशा कलमावरून देशादेशांत जी जुंपते, ती बघण्यासारखी असते.

चार पासपोर्ट, एक कोठडी

पॉल व्हेलनला २०१८ च्या डिसेंबरात मॉस्कोत हेरगिरीच्या आरोपाखाली उचललं, तेव्हा त्याच्याकडे अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडा अशा चार देशांचं नागरिकत्व होतं. चार वकिलाती मागे लागल्या. सुटायला तरीही २०२४ चा ऑगस्ट उजाडला, तोही कैद्यांच्या मोठ्या अदलाबदलीत. त्याच सौद्यात स्लोव्हेनियात पकडलेलं एक रशियन हेर जोडपं मुलांसह मॉस्कोला परतलं. तोवर हे कुटुंब अर्जेंटिनाचं म्हणून वावरत होतं. आपण रशियन आहोत हे मुलांना विमानात कळलं, असं खुद्द क्रेमलिननं सांगितलं. मुलांना रशियन येईना, म्हणून विमानतळावर पुतिननी त्यांचं स्वागत केलं स्पॅनिशमध्ये!

शब्दाची किंमत

१९९४ मध्ये सिंगापूरनं एका अमेरिकी पोराला गाड्यांवर रंग फवारल्याबद्दल सहा फटक्यांची शिक्षा ठोठावली. अध्यक्ष क्लिंटन यांनी शब्द टाकला. सिंगापूरनं शब्दाचा मान राखला आणि दोन फटके कमी केले. उरलेले चार बसलेच.

२०१९ मध्ये रॅपर एसॅप रॉकी स्टॉकहोममधल्या मारामारीपायी आत गेला. ट्रम्प यांनी स्वीडनच्या पंतप्रधानांशी बोलून त्याच्या जामिनासाठी स्वतः हमी द्यायची तयारी दाखवली. पंचाईत अशी की स्वीडनमध्ये जामीन हा प्रकारच नाही. मग खटल्याला हजर राहायला अमेरिकेचा खास दूत रवाना झाला. त्याचं एरवीचं काम म्हणजे ओलिसांची सुटका!

मतदानाला गेले ते...

आपल्याकडचा सगळ्यात रंगलेला किस्सा इटलीचा. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ एका इटालियन तेलवाहू जहाजावरच्या दोन नौसैनिकांनी चाचे समजून गोळ्या झाडल्या, त्यात दोन भारतीय मच्छीमार गेले. नौसैनिकांवर खटला उभा राहिला. डिसेंबरात त्यांनी नाताळसाठी घरी जायची परवानगी मागितली. कोर्टानं दिली, आणि ते दिलेल्या मुदतीत परतही आले. विश्वास बसला. फेब्रुवारी २०१३ मध्ये ते म्हणाले, आता निवडणुकीत मत द्यायला जातो. सुप्रीम कोर्टानं इटलीच्या राजदूतांची लेखी हमी घेऊन चार आठवडे दिले. मार्चमध्ये इटलीनं कळवलं: आता ते येणार नाहीत.

कोर्टानं मग राजदूतालाच देश सोडायला मनाई केली. राजदूताला अटक करता येत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण ज्यानं कोर्टासमोर हमी दिली त्याला राजनैतिक कवच कसलं, असा सवाल न्यायमूर्तींनी टाकला आणि रोमपर्यंत धावपळ उडाली. फाशी होणार नाही असं आश्वासन भारताकडून घेऊन नौसैनिक मुदतीच्या आत दिल्लीत हजर! प्रकरण मिटलं २०२१ मध्ये, १० कोटी रुपयांच्या भरपाईवर.

एक रुपया आणि एक काच

पवईच्या कुलभूषण जाधव यांना पाकिस्ताननं २०१६ मध्ये पकडलं आणि एप्रिल २०१७ मध्ये लष्करी कोर्टानं फाशी सुनावली. तोवर भारतानं वकिलातीच्या भेटीची मागणी डझनाहून जास्त वेळा करून झाली होती. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. वकील हरीश साळवे, फी एक रुपया.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला आई आणि पत्नीला भेट मिळाली, इस्लामाबादेत, काचेपलीकडून. भेटीआधी दोघींची मंगळसूत्रं आणि टिकल्या काढायला लावल्या. पत्नीच्या चपला काढून घेतल्या त्या परत दिल्याच नाहीत. त्यांत काहीतरी धातूचं आहे, असा पाकिस्तानचा दावा. आई मराठीत बोलू लागली की अडवायचे, शेवटी मराठी बंदच केली. आईच्या गळ्यात मंगळसूत्र नाही हे पाहून जाधव यांनी पहिला प्रश्न विचारला तो बाबा कसे आहेत हा. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी संसदेत हे सांगितलं तेव्हा विरोधकांनीही निषेधाचा सूर लावला.

१७ जुलै २०१९ ला निकाल लागला: १५ विरुद्ध १. पाकिस्ताननं कलम ३६ मोडलं, खटल्याचा फेरविचार करा. सुटका करा असं मात्र न्यायालय म्हणालं नाही, हे आपल्याकडच्या जल्लोषात जरा बाजूलाच राहिलं. ६ ऑगस्टच्या रात्री स्वराज यांनी साळवे यांना फोनवर सांगितलं, उद्या येऊन फी घेऊन जा. त्याच रात्री त्या गेल्या. रुपया पुढे त्यांच्या मुलीनं दिला.

हेगशी मराठी माणसाची गाठ त्याआधीही पडली होती. १९१० मध्ये सावरकरांनी मार्सेय बंदरात बोटीतून उडी मारली, फ्रेंच शिपायानं पकडून ब्रिटिशांच्या हवाली केलं, आणि फ्रान्सनं आपल्या हद्दीचा मुद्दा करून हेगच्या लवादाकडे दाद मागितली. १९११ चा निकाल: हस्तांतरात गफलत झाली खरी, पण ब्रिटननं कैदी परत द्यायची गरज नाही.

रणगाड्यांचं उधार

इराणच्या शहांनी १९७० च्या दशकात ब्रिटनकडे दीड हजारांहून जास्त चीफटन रणगाड्यांची ऑर्डर दिली, पैसे आगाऊ मोजले. १८५ पोचले, शहा पळाले, उरलेले पैसे ब्रिटननं दाबून ठेवले. २०१६ मध्ये तेहरानला माहेरी गेलेली ब्रिटिश-इराणी नाझनीन झागरी-रॅटक्लिफ पकडली गेली. इराण दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे ब्रिटिश वकिलातीला दार बंद. त्यात परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन बोलून गेले की ती तिथे पत्रकारिता शिकवत होती. ती गेली होती सुट्टीवर! चारच दिवसांत तिला पुन्हा कोर्टात उभं केलं आणि मंत्र्यांचं वाक्य तिच्याच विरोधात वापरलं. १६ मार्च २०२२ ला ती सुटली. रणगाड्यांचे सुमारे ३९ कोटी पौंड चुकते झाल्याचंही त्याच दिवशी जाहीर झालं.

१ जानेवारी, १ जुलै

पालघर आणि गुजरातचे खलाशी समुद्रात न दिसणारी रेघ ओलांडून पाकिस्तानच्या हाती लागतात. शिक्षा थोडी असते, पण ती संपल्यावर हा माणूस भारतीयच आहे याची खातरजमा व्हायला वेळ जातो. माणूस परत येतो, बोट सहसा येत नाही. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला, एकमेकांच्या कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण करतात. गंमत म्हणजे १ जानेवारीला आणखी एक यादी दिली-घेतली जाते: दोन्हीकडच्या अणुकेंद्रांची, एकमेकांनी त्यांवर हल्ला करू नये म्हणून. मे २०२५ मध्ये याच दोन देशांत क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडाले. १ जुलैला कैद्यांच्या याद्या ठरल्याप्रमाणे पोचल्या.