किनारा सरकला की रेघ?

गेल्या महिन्यात गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, समुद्र माडांपर्यंत आलाय. वाडी विकून टाकूया का?" मी इथे हुफूफमध्ये, वाडी कोकणात. मग काय, जुने नकाशे काढून बसलो.

जुना सागरी नकाशा उपग्रहाच्या चित्रावर ठेवला, तर समुद्र चक्क ऐंशी मीटर आत! घाबरून भावाला तसं सांगूनही टाकलं. आणि तिथेच फसलो. मी धरलेली तुटक रेघ ओहोटीची होती, चित्र मात्र भरतीच्या वेळचं. किनाऱ्याचा उतार शंभरात एक असेल, तर पाणी एक मीटर चढलं की रेघ शंभर मीटर सरकते. आपण शुक्रवारी उकैरला जातो ना, तिथल्या उथळ पाण्यात हे डोळ्यांनी दिसतं. (याच उकैरला १९२२ साली पर्सी कॉक्स यांनी नजद, इराक, कुवेतच्या सीमा नकाशावर आखल्या. त्या रेघांना भरती-ओहोटी नाही!)

दुसरं म्हणजे न हलणाऱ्या खुणा. मुंबईच्या जुन्या नकाशांसाठी फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल घ्या, १७१८ पासून जागचं हललेलं नाही. अशा चार-पाच खुणा जुळवल्या की आजचा मरीन ड्राइव्ह तेव्हा पाण्यात होता हे लगेच कळतं. मी आमच्या गावचं देऊळ, विहीर आणि दीपस्तंभ जुळवले.

तरी जपूनच. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर! आमच्या कन्सल्टिंगमध्ये बेसलाइन चुकली की पुढची सगळी स्लाइड्स वाया, तसंच हे. सगळं दुरुस्त केल्यावर आमच्या वाडीचा फरक उरला जेमतेम वीस मीटर, म्हणजे शाईच्या जाडीएवढा. समुद्र आला असेलही, पण हा नकाशा ते सांगू शकत नाही.

शिवाय पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, नंतर बरीचशी परत येते. ऑगस्टचं चित्र मार्चच्या चित्राशी ताडून उपयोग नाही. लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रं फुकट मिळतात. मी आता फक्त मार्चचीच उतरवून घेतोय.

भावाला सांगितलंय, दरवर्षी होळीच्या पौर्णिमेला, उधाणाची भरती असताना, विहिरीच्या कठड्यापासून पाण्यापर्यंत टेप धर आणि आकडा वहीत लिही. पहिला आकडा आलाय, एकेचाळीस मीटर. वाडी तूर्तास विकत नाही.