दोन केबल लावल्या म्हणजे झालं?

धान विक्रीची ऑनलाइन नोंदणी असो की पीककर्जासाठीचा सातबारा, तुमसर-पवनीच्या रांगेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘सर्व्हर डाऊन आहे.’ १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, तेव्हापासून तर जास्तच. पण कधी कधी सर्व्हर ठणठणीत असतो. डेटा ठेवलेल्या स्टोरेजपर्यंतची त्याची वाट तुटलेली असते.

गैरसमज: स्टोरेजला दोन केबल जोडल्या की काम फत्ते.

दोन्ही केबल एकाच कार्डातून निघून एकाच स्विचमध्ये जात असतील, तर स्विच बसला की दोन्ही गेल्या. भंडाऱ्याहून साकोलीला जायला दोन गाड्या ठेवल्या, पण पुरामुळे कारध्याजवळ वैनगंगेवरची वाहतूकच थांबली, तर दोन्ही अलीकडच्या काठावर! म्हणून सर्व्हरमध्ये दोन स्वतंत्र कार्डं, दोन स्वतंत्र स्विच आणि प्रत्येक स्विचमधून स्टोरेजच्या दोन्ही कंट्रोलरपर्यंत जोडणी हवी. हे दोन स्विच एकमेकांना जोडू नयेत. जोडले तर एकावरची झोनिंगची (कोण कोणाशी बोलू शकतं, या नियमांची) चूक दुसऱ्यालाही भोवते. आणि दोन्ही एकाच यूपीएसवर असतील, तर सगळा खटाटोप वाया.

गैरसमज: पुढचं ऑपरेटिंग सिस्टिम बघून घेते.

खरी गोची इथेच होते. अनेक वाटांना एकच डिस्क म्हणून ओळखणारं मल्टिपाथ सॉफ्टवेअर चालू नसेल, तर चार वाटांनी येणारी एकच डिस्क लिनक्सला चार वेगळ्या डिस्क वाटतात: एसडीबी, एसडीसी, एसडीडी, एसडीई. कुणी थेट एसडीबी माउंट केली, तर ती वाट तुटताच डिस्क गेली, बाकीच्या तीन वाटा शाबूत असूनही. माउंट करायची ती मल्टिपाथने तयार केलेली डिस्क. विंडोज सर्व्हरवर एमपीआयओ हे फीचर वेगळं बसवावं लागतं.

सगळ्या वाटा बंद पडल्या तर किती वेळ थांबायचं, हे ‘नो पाथ रिट्राय’ ठरवतं. कायम थांबायला सांगितलं, तर ॲप्लिकेशन एरर न देता गोठून राहतं आणि क्लस्टरमधल्या जोडीदार सर्व्हरला पत्ताही लागत नाही. लगेच हार मानायला सांगितलं, तर कंट्रोलर बदलण्याच्या काही सेकंदांतच डेटाबेस कोसळू शकतो. इथे डोकं चालवू नये. स्टोरेज कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेल्या सेटिंग वापराव्यात.

गैरसमज: दोन सर्व्हरना एकच डिस्क दाखवली की क्लस्टर झाला.

साधी फाइल सिस्टिम दोघांनी एकाच वेळी माउंट केली, तर डेटाची वाट लागते. त्यासाठी क्लस्टर फाइल सिस्टिम हवी, किंवा एका वेळी एकच जण लिहील असा बंदोबस्त.

गैरसमज: एवढं केलं की बॅकअप नको.

चुकून पुसलेली फाइल चारही वाटांनी पुसलेलीच दिसते.

हे सगळं चालतं की नाही, हे कागदावर कळत नाही. पुढच्या देखभालीच्या वेळी, बॅकअप घेतल्यावर, एक केबल खरोखर उपसून बघा. नंतर एक स्विच बंद करा. मल्टिपाथच्या यादीत वाट तुटलेली दिसली आणि ॲप्लिकेशन तरीही चालू राहिलं, तरच रचनेवर सही करा.