वारणेपलीकडचा हिंदकेसरी: गणपतराव आंदळकर

कोडोलीकरांनो, वारणेच्या पलीकडे शिराळा तालुका. तिथल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर 1960 साली हिंदकेसरी झाले. हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण मला त्याहून मोठी वाटते ती 1962 ची जकार्ता आशियाई स्पर्धा!

हेवीवेट गटात ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण, फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड घ्यायची नाही, पायाचा डाव नाही. पायाचा पट काढण्यात मुरलेल्या, लाल मातीतल्या मल्लानं फक्त कमरेवरच्या पकडींवर सोनं आणलं!

1964 ला टोकियो ऑलिंपिक, त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार. पुढं कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून पिढ्या घडवल्या. मल्ल दादू चौगुले तिथलेच. 2018 मध्ये आंदळकर गेले. घरातल्या पोरांना हे नाव जरूर सांगा.