विमान घ्यावं की भागीत घ्यावं? तासाचा हिशोब शिका

भांडगावातून पाटसला जाऊन बारामतीचा रस्ता धरला, की बारामतीजवळ छोटी ट्रेनिंगची विमानं घिरट्या घालताना दिसतात. आपल्याला वाटतं, विमान म्हणजे फक्त श्रीमंतीचा विषय. पण हार्वेस्टर, जेसीबी, टेम्पो अशी कुठलीही महाग वस्तू घ्यायच्या आधी जो हिशोब करायचा, तो विमानावर सगळ्यात स्वच्छ दिसतो.

खर्च दोन प्रकारचा

सेसना 152 हे दोन सीटचं विमान घ्या. ते तासाला साधारण 22-23 लिटर पेट्रोल खातं. हे पंपावरचं पेट्रोल नाही, विमानाचं खास एव्हगॅस. शिवाय इंजिनाचं आयुष्य तासांत मोजतात. या इंजिनाला साधारण 2400 तासांनी ओव्हरहॉल लागतं. तो खर्च 24 लाख धरला, तर उडताना प्रत्येक तासाला 1,000 रुपये बाजूला पडलेच पाहिजेत. हा झाला चालता खर्च.

दुसरा बसता खर्च: हँगरचं भाडं, विमा, वर्षाची तपासणी, कर्जाचं व्याज. विमान उडो न उडो, हा लागतोच.

आता गणित

समजण्यासाठी आकडे धरू. बसता खर्च वर्षाला 12 लाख, चालता खर्च तासाला 8,000. प्रत्येक जण वर्षाला 50 तास उडवतो.

- एकटा मालक: तासाला 32,000
- दोघे: 20,000
- चौघे: 14,000
- पाच जण: 12,800
- ट्रेनिंग स्कूल, वर्षाला 800 तास: 9,500

नीट बघा. दुसरा भागीदार आला की तासाला 12,000 वाचतात. पाचवा आला की फक्त 1,200. पण भांडणाला एक माणूस वाढतो, कारण रविवारी सकाळी विमान सगळ्यांनाच पाहिजे! आणि कितीही भागीदार घ्या, 8,000 च्या खाली कोणीच जाणार नाही.

"रिकामं आहे तर भाड्यानं देऊ," असंही चालत नाही. खासगी म्हणून नोंदवलेलं विमान आपल्याकडे पैसे घेऊन भाड्यानं देता येत नाही. त्यासाठी वेगळा परवाना लागतो.

म्हणूनच क्लबची पद्धत आली. बॉम्बे फ्लाइंग क्लब 1928 चा. जेआरडी टाटांनी तिथंच शिकून 1929 मध्ये भारतातलं पहिलं पायलट लायसन्स मिळवलं. विमान क्लबचं, सभासद उडवले तेवढ्या तासांचे पैसे देणार.

आपल्या धंद्यात

ऊसतोडणीचं हार्वेस्टर तिघांत घेताय? हंगाम तिघांचा एकच. म्हणजे आपला 'रविवार सकाळ' चार-पाच महिने चालतो! म्हणून सही करायच्या आधी चार गोष्टी कागदावर घ्या:

1. कोणाची पाळी कधी, आणि पाळी चुकली तर काय?
2. मोठ्या दुरुस्तीसाठी दर तासाला किती रक्कम वेगळ्या खात्यात?
3. ज्याच्या हातून मोडलं, तो किती भरणार?
4. एकजण बाहेर पडला, तर त्याचा हिस्सा कोण, कोणत्या भावानं घेणार?

शोरूमवाला हप्ता सांगतो, तास सांगत नाही. तास तुम्हीच काढायचा. आज वहीत लिहा: तुमची सगळ्यात महाग मशीन गेल्या वर्षी किती तास चालली? बसत्या खर्चाला त्या आकड्यानं भागा आणि त्यात तासाचा चालता खर्च मिळवा. उत्तर बाजारातल्या भाड्यापेक्षा जास्त आलं, तर पुढची मशीन विकत घ्यायची घाई करू नका. भाड्यानं आणा.